परदेशात पोचल्यावर भारतातलं सिम बंद करा, हा सल्ला पोरांना देऊ नका

अशोक_चौक :
परदेशी निघालेल्या सोलापूरच्या पोरांसाठी काल इथे एक सल्ला टाकलेला वाचला. थोडक्यात असा : तिकडे पोचलात की सगळ्यात मोठ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट घ्या, फोन हप्त्यावर घ्या, आणि भारतातलं सिम बंद करून टाका, उगाच रिचार्जचा खर्च कशाला. खाली पन्नास जणांनी 'छान माहिती' लिहिलंय. मला रात्री झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

सिमचं आधी बघा. आधारला जोडलेला नंबर भारतीयच लागतो. परदेशी नंबरवर आधारचा मेसेज येत नाही, मग ओटीपी कुठून येणार? आयकर रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफाय करायचं तर बहुतेक जण आधार ओटीपीच वापरतात. डिजिलॉकर उघडायचं, जुन्या नोकरीचा पीएफ काढायचा, सगळीकडे तोच नंबर. आणि नंबर बंद पडला म्हणजे तो हवेत विरत नाही. ९० दिवस गेले की कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. तुमच्या बँकेत नोंदवलेला नंबर मग कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात. हे टाळायला वर्षाचा एक रिचार्ज पुरतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलला, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसतं कॉल-एसएमएसचं व्हाउचर ठेवणं कंपन्यांना भाग पडलं, अशा व्हाउचरची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत वाढली. एअरटेलचं असं वर्षभराचं व्हाउचर २०२५ च्या सुरुवातीला १,८४९ रुपयांना होतं. एवढ्यासाठी नंबर सोडायचा?

निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. तिकडे गेल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा, त्यावर आलेला कॉल उचलू नका, त्याचे पैसे पडतात. येणारा एसएमएस फुकट असतो. आजच्या फोनला दोन सिम चालतात, एक भारतातलं, एक तिथलं. हे आधी ठरवायचं. तिथली कंपनी कोणती, हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आता कॉन्ट्रॅक्ट. मी जर्मनीत राहतो. इथे नव्या माणसाची शूफाकडे, म्हणजे उधारी-बिलांची पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे, काही नोंदच नसते, त्यामुळे पुष्कळदा कॉन्ट्रॅक्ट नाकारतात. मिळालं तर बहुतेकदा २४ महिने बांधलेले. २०२१ च्या डिसेंबरपासून कायदा सुधारला, पहिली मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, पण ते पहिले २४ महिने कोण भरणार? मास्टर्सला आलेल्या पोराला सहा महिन्यांनी कुठल्या शहरात इंटर्नशिप मिळेल हेच माहीत नसतं. इथली स्वस्त सिमं मोठ्या कंपन्यांच्याच नेटवर्कवर चालतात : आल्डी टॉक ओ-टूच्या, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या, कॉन्गस्टार डॉइच टेलिकॉमच्या. प्रीपेड घ्या, पासपोर्ट दाखवून ओळख पटवा, विषय संपला. घरात नेटवर्क नीट येत नसेल तर पुढच्या महिन्यात दुसरं.

विजापूर_रोड :
ती पोस्ट माझी आहे. मी न्यू जर्सीत राहतो आणि तिथल्या अनुभवावरून लिहिलंय. जर्मनीचे नियम तुम्ही सगळ्या जगाला लावताय.

अमेरिकेत स्वस्त कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क नसतं. व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल, देशभरची मोठी नेटवर्क या तिघांची. गर्दी झाली की ते आपल्या ग्राहकांना आधी वाट देतात, भाड्याने नेटवर्क वापरणाऱ्यांना मागे टाकतात. मीही नवीन असताना असंच एक स्वस्त सिम घेतलं होतं. नोकरीच्या शेवटच्या फेरीचा व्हिडिओ कॉल, मी स्टेशनवर, आणि चेहरा गोठलेला. समोरची बाई तीनदा म्हणाली की आवाज येत नाही. ती नोकरी गेली. त्यानंतर मी पैसे वाचवायच्या फंदात पडलो नाही.

दुसरं, भारतातून आणलेला फोन. एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत थ्रीजी बंद केलं. त्यांच्या मंजूर यादीत फोनचं मॉडेल नसेल तर त्यांच्याकडे तो चालत नाही, मग तो फोरजी असो नाहीतर फाइव्हजी. आपली पोरं सोलापूरच्या नव्या पेठेतून नवाकोरा फोन घेऊन येतात आणि इथे हात चोळत बसतात. म्हणून लिहिलं, फोन इथेच हप्त्यावर घ्या. चौघांनी मिळून फॅमिली प्लॅन घेतला तर माणशी खर्चही निम्म्याच्या जवळ येतो.

आणि सिमचं म्हणाल तर बँका परदेशी नंबर घेतात. २०२३ च्या जानेवारीत एनआरई आणि एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआयचीसुद्धा परवानगी मिळाली.

अशोक_चौक :
यूपीआयची ती परवानगी ज्या देशांच्या नंबरांना मिळाली त्या यादीत दहा देश होते. अमेरिका होती, जर्मनी नव्हती. तुम्हाला मिळालं म्हणून सगळ्यांना मिळालं असं नाही. आणि आधारबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

फॅमिली प्लॅनचंही सांगतो. चार पोरं एकत्र घेतात, बिल एकाच्या नावावर. वर्षभरात दोघं शहर सोडून जातात, तिसरा पैसे द्यायला टाळाटाळ करतो, आणि ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या क्रेडिटची माती. माझ्या आतेभावाचं टेक्सासमध्ये हेच झालं.

शेळगीकर :
मी परदेशात नाही, सोलापुरातच असतो. सिमवरून एवढा वाद कशाला? माझा मुलगा अमेरिकेत आहे, त्याचं इथलं सिम माझ्याकडे जुन्या फोनमध्ये घालून ठेवलंय. ओटीपी आला की मी त्याला कळवतो. रोमिंग नको, काही नको. रिचार्ज मी करतो. असं पाच-सहा घरांत तरी चाललेलं मला माहीत आहे. सगळ्यात सोपा मार्ग आहे.

नवी_पेठ :
काका, राग मानू नका, पण हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. मी बँकेत काम करते. मुलाचं सिम वडिलांकडे, ओटीपी फोनवर वाचून दाखवायचा, ही सवय घरात एकदा लागली की फसवणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. आमच्या शाखेत एक गृहस्थ आले होते. मुलगा कॅनडात. फोन आला, 'मी तुमच्या मुलाचा रूममेट बोलतोय, तो हॉस्पिटलमध्ये आहे, विम्यासाठी एक ओटीपी येईल तो सांगा.' ते रोज मुलाला सांगतच होते, यालाही सांगितला. खातं रिकामं. त्यात मुलाच्या शिक्षणकर्जाचा हप्ता ठेवलेला होता. समोर बसून रडत होते आणि मला हात जोडत होते, माझ्या हातात काहीही नव्हतं.

ओटीपी कुणालाही सांगू नका असं आम्ही ओरडून सांगतो, आणि घरोघरी बापच मुलाचा ओटीपी सेक्रेटरी झालाय.

शेळगीकर :
सेक्रेटरी हा शब्द मागे घ्या. मी गिरणीत आयुष्य काढलेला माणूस आहे, पण मला कुणाला काय सांगायचं ते कळतं. मुलगा स्वतः फोन करतो, मी आवाज ओळखतो, मगच आकडे सांगतो. तो संध्याकाळी ऑफिसातून येतो तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन-चार असतात. मी उठतो. आजवर एकदाही कंटाळा केला नाही.

साखर_पेठ :
काका बरोबर बोललाले. घरचा माणूस उपयोगी पडतोय तर बिघडलं कुठं? सगळ्यांना बँकवाल्यांसारखं चार ॲप चालवता येत नाहीत. आणि मालक, इथं सगळे जर्मनी-अमेरिकाच बोललालाव. मी शारजात एसीचं काम करतो. आम्हाला कॉन्ट्रॅक्ट आणि फॅमिली प्लॅन विचारतं कोण? आमचा प्रश्न एकच, घरी फोन लागतो का.

यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. बोटिम नावाचं कॉलचं ॲप आहे, पण ते समोरच्याकडंबी पाहिजे. माझी आई साखर पेठेत कीपॅड फोन वापरते. तिला बोटिम कुठून शिकवू? म्हणून प्रीपेडमध्ये भारताची कॉलिंग मिनिटं कशात जास्त आहेत ते बघून मी सिम घेतलो. एटिसलाट असू दे नाहीतर डू, शहरात दोन्हीला रेंज लई चांगली आहे, रेंजवर भांडण नाही. दुसरं ध्यानात ठेवा, सिम एमिरेट्स आयडीला, म्हणजे इथल्या ओळखपत्राला, बांधलेलं असतं. आयडीची मुदत संपली आणि नूतनीकरण कळवलं नाही तर सिम बंद. कंपनीनं आमच्या कागदांना उशीर केला तेव्हा माझं बंद पडलं, आणि त्याच आठवड्यात आई आजारी. दुकानदाराच्या फोनवरून बोललो.

नवी_पेठ :
साखर पेठ, तुमची अडचण खरी आहे, पण काकांना 'बरोबर' म्हणू नका. दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. घरी बोलणं वेगळं, बँकेची किल्ली घरी ठेवणं वेगळं.

काका, सेक्रेटरी शब्द मागे घेते. पण विचारते, तुम्ही चार दिवस दवाखान्यात असलात तर? तो जुना फोन पडून फुटला तर? सिम मुलाच्या नावावर, दुसरं काढायला त्याचीच ओळख लागणार आणि तो तिकडे.

विजापूर_रोड :
मी हेच तर म्हणतोय. सिम बंद करा, ओटीपीची भानगडच उरणार नाही. बापाला पहाटे चारला उठवणं मला पटत नाही. माझे वडीलही दोन वर्षं असेच उठायचे. त्यांना रक्तदाब आहे हे मला नंतर बहिणीकडून कळलं, त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मी सिम बंद करून टाकलं. मला खर्चाचा प्रश्न नव्हताच, हे तुम्हा लोकांना कसं कळणार?

अशोक_चौक :
हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. 'उगाच रिचार्जचा खर्च' असं लिहिलंत आणि वर 'कसं कळणार' म्हणून विचारताय.

तरी उपाय सिम तोडणं नाही, सिम स्वतःच्या फोनमध्ये ठेवणं आहे. वडिलांना त्रास नको, नवी पेठताई म्हणतात तो धोकाही नको, तर एकच वाट राहते. निघायच्या आधी भारतातलं सिम ई-सिम करून घ्या, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच भरलेलं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय, तिघांकडे होतं. कुरियरने सिम मागवायची पाळी येत नाही, हरवायची भीती नाही. मात्र भारतात असतानाच करा, कारण ते करताना त्याच नंबरवर मेसेज आणि ओटीपी होतात. यूपीआयचं ॲपसुद्धा इथेच चालू करून जा. ते नोंदणीला तुमच्या सिमवरून एसएमएस बाहेर पाठवतं, परदेशातून तो बऱ्याचदा जातच नाही आणि गेला तर रोमिंगच्या दराने.

साखर_पेठ :
माझ्या फोनला ई-सिम नाही. अशा फोनवाल्यांनी काय करायचं?

अशोक_चौक :
मग साधं सिम भारताचं ठेवा, दोन खाचांचा फोन असेल तर शारजाचं दुसऱ्या खाचेत. ते तर तुमच्याकडे असेलच.

साखर_पेठ :
आहे. भारताचं बंद पडलं होतं, रिचार्ज राहून गेला. पूर्वी दहा रुपयांत महिने निघायचे, आता नुसतं जिवंत ठेवायला वर्षाचे हजार-दोन हजार मागतात. गरिबानं नंबर ठेवायचा की नाही? २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा कुणी बोललं नाही. ट्रायचा जुना नियम आहे की खात्यात वीस रुपये असले तर नंबर लगेच काढून घेता येत नाही, पण त्यावर ओटीपी येत राहील का हे दुकानदाराला विचारलं तर तो सरळ मोठा रिचार्ज मारायला सांगतो. इथं एवढी शिकलेली मंडळी आहेत, यावर कुणी तरी लिहा की बे.

विजापूर_रोड :
दरवाढीवर साखर पेठ यांचं शंभर टक्के खरं आहे.

बाकी : आधारचं मी तपासलं. परदेशी नंबरवर मेसेज येत नाही, हे बरोबर निघालं. माझं रिटर्न सीए भरतात आणि मी नेट बँकिंगवरून व्हेरिफाय करतो, म्हणून मला कधी अडलं नाही. पोस्टमधली सिम बंद करायची ओळ काढतो. कॉन्ट्रॅक्टची ओळ काढणार नाही. स्वस्त सिममुळे गेलेली नोकरी मला कुणी परत देणार नाही.

अशोक_चौक :
ती ओळ ठेवा, पण वर 'अमेरिकेसाठी' असं लिहा. आणि स्वस्त म्हणजे सगळं वाईट असंही लिहू नका. मिंट हे तिथलं स्वस्त सिम २०२४ पासून टी-मोबाइलच्याच मालकीचं आहे, तीन महिन्यांचं घेऊन आपल्या घरात, कॉलेजात, रोजच्या वाटेवर चालतंय का हे पोरगं स्वतः बघू शकतं. नाही चाललं तर तीन महिन्यांचेच पैसे गेले.

शेळगीकर :
ई-सिमबद्दल मुलाला विचारलं. त्याच्या फोनला आहे म्हणतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार आहे तेव्हा करून घेऊ. पहाटे उठायचं मला जड नव्हतं, हे पुन्हा सांगतो. बँकवाल्या ताई, पडलेला फोन आणि दवाखाना, हे तुमचं म्हणणं पटलं म्हणून करतोय. त्याचा तो नंबर कुठे कुठे जोडलाय याची यादी कुठे मिळते?

नवी_पेठ :
एका ठिकाणी यादी मिळत नाही, काका. मुलाला एका कागदावर लिहायला सांगा : बँका, आधार, पॅन आणि आयकर, पीएफ, डिमॅट, एलआयसी, गॅसची जोडणी. आणि तो इथे येईल तेव्हा खातं एनआरओ केलंय का ते विचारा. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. निम्म्या मुलांनी केलेलं नसतं. त्यासाठी शाखेत या, सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते.