विषय: शेतावर शूटिंग रेंज करायचीय, मागे नुसती झाडी चालेल का?

प्रेषक: पिंटू (केटी)

नमस्कार मंडळी,
टेक्सासमधल्या ब्रेनहॅमच्या पुढे आम्ही २२ एकर जागा घेतलीय हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीच आहे. लेकीने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ बघितलं आणि तेव्हापासून ती रायफलच्या मागे लागलीय, आमचं कुळ कोल्हापूरचं त्यामुळे घरातून विरोध असा काही नाहीच. तर जागेच्या मागच्या बाजूला छोटी रेंज करावी म्हणतोय, आधी पॉइंट टू टू (.२२ ची लहान काडतुसाची रायफल) आणि मग माझी एआर (एआर-१५ रायफल). मागे ओकची दाट झाडी आहे आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्याचं कुरण. एवढी झाडी पुरेल की मातीचा बांध घालावाच लागेल? आई-बाबा मे महिन्यात येताहेत, त्यांनाही एकदोन राउंड मारू देऊ असं डोक्यात आहे. नानांचा यात हात बसलेला आहे म्हणून मुद्दाम आपल्या मंडळाच्या ईमेल लिस्टवर विचारतोय.
पिंटू

प्रेषक: नाना (ब्रेनहॅम)

पिंटू,
झाडी अजिबात धरू नकोस. गोळी खोडाला चाटून कुठल्या कुठे जाते, आणि पानांनी तर काहीच अडत नाही. पॉइंट टू टू म्हणजे पोरांची बंदूक असं आपले लोक समजतात, पण तिच्या खोक्यावर छापलेला धोक्याचा पल्ला वाच, दीड मैलापर्यंतचा असतो. एआरची गोळी त्याच्याही पुढे जाते. तुझ्या २२ एकरात एवढं अंतर कुठल्याच बाजूला मिळणार नाही, म्हणजे सुटलेली प्रत्येक गोळी तुझ्याच जमिनीत थांबलीच पाहिजे. टेक्सासचा कायदाही तेच म्हणतो, शिकार करताना किंवा मजेसाठी नेमबाजी करताना जाणूनबुजून हद्दीपलीकडे गोळी गेली तर तो गुन्हा आहे, पलीकडच्या मालकाची लेखी परवानगी असेल तरच सूट. शहराबाहेरच्या सबडिव्हिजनमध्ये (प्लॉट पाडलेल्या वसाहतीत) १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर काउंटी गोळीबारावर बंदी घालू शकते. तुझी जागा मोठी आहे, तरी डीड रिस्ट्रिक्शन्स (खरेदीखतातल्या जमीन वापराच्या अटी) एकदा नीट वाचून घे.

आता बांध. लोक उंची विचारतात, पण उंची अंतराबरोबर मोजायची असते. समज बांध १० फूट उंच आहे आणि तू १०० यार्डांवर टेबलाला बसलायस, नळी जमिनीपासून साडेतीन फुटांवर. म्हणजे बांधाचा माथा नळीच्या वर साडेसहा फूट, आणि अंतर ३०० फूट. कोन निघतो जेमतेम सव्वा अंश. नळी एवढीशी वर असताना चुकून ट्रिगर दाबला गेला की गोळी बांधावरून पलीकडच्या कुरणात. तोच बांध २५ यार्डांवरून बघितला तर पाच अंश मिळतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरच्या रेंजवर २५ नाहीतर ५० यार्डांवर थांबावं, आणि १०० यार्ड हवेच असतील तर बांधामागे खरी टेकडी पाहिजे. तुझ्याकडे उत्तरेला चढ आहे ना, मग तोंड तिकडेच कर, उन्हाचा त्रासही नाही.

पुढची बाजू शक्य तेवढी उभी ठेव, निदान ४५ अंश, कारण उतार पसरट झाला की गोळी त्याच्यावरून घसरून वर उसळते. माथा ४ फूट रुंद ठेव आणि मागचा उतार सैल सोड, उंचीच्या दीडपट पसरेल असा. १० फूट उंची धरली तर पाया २९ फूट होतो, आणि ३० फूट लांबीला जवळपास ५,००० घनफूट माती लागते. आपल्याकडच्या हिशोबात ५० ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). इकडे क्यूबिक यार्डात सांगावं लागतं, १८३ च्या आसपास, आणि दाबून बसवताना आणखी लागेल म्हणून १५ ते २० ट्रक धरून चाल. पुढच्या दोन फुटांत एकही दगड नको, चाळलेलीच माती टाक. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात विदर्भातल्या कपाशीच्या रानासारखी भेगाळते आणि पावसात ढासळते, तेव्हा लगेच बर्म्युडा गवत लाव आणि दरवर्षी उंची मोजत जा. गोळ्या एकाच जागी बसून तिथे खड्डा पडतो तो फावड्याने भरत राहावा लागतो. तोंडाला टायर लावू नकोस, गोळी उलटी येते. बांधाजवळ पाणीही नको, त्यावरूनही गोळी उसळते.

आणि टार्गेट बांधाला चिकटून ठेव. अंतर बदलायचं असेल तर आपण मागेपुढे व्हायचं, टार्गेट मधल्या रानात आणायचं नाही, नाहीतर वर लावलेल्या कागदाच्या आरपार गेलेली गोळी सरळ माथ्यावरून निघून जाते. फायरिंग लाइन (जिथून गोळी मारायची ती रेषा) एकच, सगळे तिच्या मागे, आणि कोणीही पुढे जाणार असेल तर सगळ्या बंदुका उघड्या, रिकाम्या, टेबलावर, हात लांब. लेकीला पहिल्या दिवसापासून हीच सवय लाव.
नाना

प्रेषक: ताई (शुगरलँड)

नानांनी गोळीचं सगळं सांगितलंय, मी शिशाबद्दल लिहिते कारण मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि याकडे लोकांचं लक्षच नसतं. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) २०२१ मध्ये लक्ष ठेवण्याची रेषा ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. शिसं फक्त गोळीत नसतं, बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्येही (दारू पेटवणाऱ्या भागात) असतं, त्याचा धूर हातावर, केसांत, कपड्यांवर बसतो. म्हणून रेंजवर खाणंपिणं बंद, आल्यावर गार पाण्याने आणि साबणाने हात आणि तोंड धुवायचं, बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायचे. घरात रांगणारं बाळ असेल तर जास्तच जपा. बांधाजवळ भाजी लावू नका, आणि ओढ्याकडे पाणी वाहून जाईल अशी जागा तर निवडूच नका. माती आम्ल असेल तर शिसं विरघळून खाली जातं, ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) मार्गदर्शनात पीएच ६.५ ते ८.५ मध्ये ठेवायला सांगितलंय, कमी भरला तर चुना घालायचा.

कानाचं म्हणजे, रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एका आवाजातही कायमचं नुकसान होऊ शकतं. मुलीला आत इअरप्लग आणि वर मफ, दोन्ही. आणि चष्मा, बघणाऱ्यांनाही.
ताई

प्रेषक: आबा (डॅलस)

पिंटू, आई-बाबांना बंदूक देऊ नकोस, हे मी हात जोडून सांगतो. ते बी-२ (टुरिस्ट) व्हिसावर येणार ना? टुरिस्ट, स्टुडंट, एच-वन (नोकरीचा), असा कुठलाही नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरता व्हिसा असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस नुसतं बाळगणं हाही फेडरल गुन्हा आहे, आणि हातात घेऊन एक राउंड मारणं त्यातच धरलं जातं. २०२२ पासून जास्तीत जास्त शिक्षा १५ वर्षं. यातून सूट आहे ती मोजक्यांना, त्यातली आपल्या कामाची म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मंडळातली निम्मी पोरं एच-वनवर आहेत आणि पिकनिकला कोणाच्या तरी शेतावर सहज बंदूक हातात घेतात, म्हणून सगळ्यांनीच वाचा. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.
आबा

प्रेषक: पिंटू (केटी)

सगळ्यांचे मनापासून आभार, आबा तुमचे तर विशेष, आई-बाबांचा बेत रद्द केलाय. ५० यार्डांवर थांबायचं ठरवलं. नाना, स्टीलचं टार्गेट चालेल का? आणि बांध होईपर्यंत लेकीला काय देऊ?
पिंटू

प्रेषक: नाना (ब्रेनहॅम)

स्टील सध्या नको. एआर रायफलला एआर-५०० (कडक केलेल्या पोलादाची) प्लेट थोडी खाली झुकवून आणि निदान १०० यार्डांवर लावावी लागते, ५० वर कपचे परत येतात. कागदच बरा. बर्न बॅन (उघड्यावर जाळण्यास बंदी) असेल त्या दिवसांत स्टील कोअरच्या गोळ्या तर नकोतच, ठिणगीने गवत पेटतं.
लेकीला १० मीटर एअर रायफल घे. पॅरिसला जायचा रस्ता तिथूनच सुरू होतो, आणि गॅरेजमध्ये मागे पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) लावला की जमतं, फक्त मधला दरवाजा आतून बंद हवा आणि चष्मा डोळ्यावर.
डोझरवाल्याला बोलावण्याआधी पलीकडच्या शेजाऱ्याला जाऊन भेट, त्याची गुरं कुठे उभी राहतात, पोरं कुठे खेळतात ते विचार. शनिवारी मी येतो, आपण दोघं कुंपणापलीकडून बांधाच्या जागेकडे बघू. सर्व्हेचा नकाशा काढून ठेव, आणि लांब टेप असेल तर तीही.
नाना