मदत हवी आहे : जास्वंदीच्या वईवर (झाडांच्या कुंपणावर) खाजकुयली चढलीय, शेंगा वाळल्यात

अबोली_संगमेश्वर
गडग्याच्या (दगडी बांधाच्या) आत जास्वंद आणि कोयनेलची वई आहे, साधारण ४० फूट लांब आणि ६ फूट उंच. निम्म्या वईवर खाजकुयली पसरली आहे. शेंगांचे घोस तपकिरी झालेत, काही उकलल्यातही. विहिरीची वाट अगदी लागून आहे. गडी हात लावायला तयार नाही, म्हणतो पेटवून द्या. जास्वंद वाचवून वेल कशी काढायची? दुसऱ्या टोकाला चिंचेसारख्या बारीक पानांची आणखी एक वेल आहे, तिच्या फुटलेल्या शेंगेत लाल बिया दिसतात. तीही खाजरीच का?

कुळागर
पेटवू अजिबात नका. शेंगेवरची कुसळं वजनाला काहीच नसतात. जाळाच्या झोताबरोबर ती वर उडतात आणि अंगणभर, डोळ्यांत, नाकात जातात. जास्वंद होरपळेल ते वेगळंच.

वेळ पहाटेची धरा. दंव पडलेलं असतं आणि वाराही कमी असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की काम थांबवायचं. मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा पहाटेचा वारा) वाहत असेल तर ती पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे उडालेलं तुमच्यापासून लांब जाईल.

कपड्यांत लोक हमखास चुकतात. विणलेले सुती हातमोजे आणि जुना स्वेटर नको, कुसळं त्यात रुततात आणि आठवडाभर टोचत राहतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचा रेनकोट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट, बाजूंनी बंद असलेला गॉगल आणि मास्क एवढं हवं. गळ्यात टॉवेल नको. घाम पुसायला तोच टॉवेल तोंडाला लागतो.

आता पाणी. २ लिटरच्या हातपंपात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला आणि शेंगांवर बारीक फवारा मारा. ओली कुसळं एकमेकांना चिकटतात, उडत नाहीत. नळीची धार मारू नका, धारेच्या जोराने कुसळं झडून पसरतात. दर दहा मिनिटांनी पुन्हा भिजवायचं, कारण ऊन आलं की ती लगेच सुकतात.

घोस काढताना जाड कचऱ्याची पिशवी खालून वर चढवा, तोंड देठाशी मुठीत आवळा आणि मग छाटणीच्या कात्रीने देठ कापा. घोस पिशवीतच पडला पाहिजे. खताचं विणलेलं पोतं चालणार नाही, त्याच्या विणीतून कुसळं बाहेर येतात. सगळे घोस निघेपर्यंत वेलीला हिसका द्यायचा नाही.

त्यानंतर बुंधा जमिनीलगत तोडा आणि वेल वीत-वीतभर तुकडे करत उलगडत काढा. ओढलीत तर जास्वंदीच्या फांद्या मोडतील आणि नजरेतून सुटलेली एखादी शेंग डोक्यावर येईल. आकडीने खेचायचा मोह होतो, तोही टाळा.

अबोली_संगमेश्वर
बुंधा आधी तोडून ठेवला तर? आठवडाभरात वेल सुकेल, मग सहज निघेल ना?

कुळागर
श्रावण-भाद्रपदात, शेंगा धरायच्या आधी, हीच रीत बरोबर आहे. तेव्हा बुंधा तोडून आठ-दहा दिवस सोडायचं आणि वाळकी दोरी काढावी तशी वेल काढायची. आत्ता मात्र उलटं होईल. वेल वाळली की उरलेल्या शेंगाही वाळून उकलतील आणि कुसळं झडतील, तीही विहिरीच्या वाटेवर. शेंगा असतील तर आधी शेंगा, नसतील तर आधी बुंधा.

तणनाशकाचा विचार असेल तर तोही सोडा. वेल जास्वंदीत गुंतलेली आहे, फवारा दोघींवर बसेल. शिवाय ही वेल वर्षाचीच, शेंगा पिकल्यावर ती आपणहून मरणारच आहे.

पिशव्या घंटागाडीत देऊ नका, पुढे कोणीतरी त्या हाताने उघडतं. दोन फूट खोल खड्डा करा, पिशवीत पाणी ओता, घोस ओलेच खड्ड्यात रिकामे करून लगेच माती ओढा. वईखालचा पालापाचोळा कोरडा झाडू नका. भिजवून फावड्याने घमेल्यात भरा आणि त्याच खड्ड्यात टाका.

रानभाजी
अंगाला लागलंच तर खाजवायचं नाही, चोळायचं नाही, कारण त्याने कुसळ आणखी आत जातं. रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबून उचला, दर वेळी नवा तुकडा घ्या. मग वाहतं पाणी आणि साबण, टॉवेल शेवटी आणि तोही फक्त टेकवून. कुसळात म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ही खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे (अॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनामुळे) होत नसल्याने अॅलर्जीच्या गोळीचा म्हणावा तसा उपयोग होत नाही.

गावाकडे शेण फासतात. लेप वाळून निघताना थोडी कुसळं ओढली जातात हे खरं, पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. तेवढंच काम चिकटपट्टी करते.

डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काम संपल्यावर रेनकोट अंगावर असतानाच बाहेर पाणी ओतून घ्या, कपडे वेगळ्या बादलीत भिजवा, मशीनमध्ये घरच्या कपड्यांसोबत नको.

वईवाला
दुसरी वेल गुंज आहे. तिने अंग खाजत नाही, पण दोघींत जास्त धोकादायक तीच. बीत अॅब्रिन हे विष असतं. अख्खं बी गिळलं गेलं तर टणक सालीमुळे पुष्कळदा तसंच बाहेर पडतं, चावलं किंवा भोक पाडलेलं असेल तर जिवावर बेतू शकतं. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, कधी दुसऱ्या दिवशीही. त्यावर उतारा नाही. म्हणून मुलाने बी चावल्याचा नुसता संशय आला तरी, ते खेळत असलं तरी, बी सोबत घेऊन इस्पितळ गाठायचं. गुंजेचा पाला विड्यात घालतात, सोनार गुंजांवर सोनं तोलायचे, त्यामुळे ही वेल विषारी आहे हे लोकांना खरंच वाटत नाही.

काढताना वईखाली जुनी चादर अंथरा. शेंग फुटली तरी बिया काही काळ तिलाच चिकटून राहतात, त्यामुळे शेंगा हलक्या हाताने खुडता येतात. खाली पडलेल्या बिया वेचून घ्या. लाल-काळा रंग मातीतही उठून दिसतो, आणि मुलांना तोच दिसतो. ही वेल बहुवर्षायू, नुसती कापून भागत नाही. मूळ फूटभर तरी खणून काढा, राहिलं तर पावसात पुन्हा कोंब येतील.

अबोली_संगमेश्वर
समजलं. पुढच्या वर्षी खाजकुयली पुन्हा येईल का?

कुळागर
येईल. बीची साल कठीण असते, सगळ्या बिया एकाच पावसात रुजत नाहीत. मृग लागल्यावर दर आठवड्याला वईखाली बघा. रोपाची पहिली दोन पानं साधी आणि समोरासमोर असतात, त्यानंतरची त्रिदळी. डाळिंब्या (बीच्या दोन डाळी) मातीतच राहतात, त्यामुळे वरचा कोंब खुडला तरी खालून नवा फुटतो. माती ओली असताना बोटाने उकरून बीसकट उपटा. अबईचं (शेंगांच्या भाजीच्या वेलीचं) रोपही त्रिदळीच असतं, ओळख पटली नाही तर तेही काढा. भाजीसाठी अबई हवी असेल तर वईपासून लांब, वेगळ्या मांडवावर लावा.