१,४०० पानांची अद्भुत कादंबरी, आठ भागांची मालिका: कात्री कुठून लावायची?

पंचगंगाघाट:
नमस्कार मंडळी. तीन खंडांच्या, साधारण १,४०० पानांच्या एका मराठी अद्भुत कादंबरीवर वेबमालिकेची पटकथा करायची आहे. आठ भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं. चित्रीकरण शक्यतो कोल्हापूर परिसरातच: चित्रनगरी, पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा. कादंबरीत चार राज्यं आहेत, दोनशेच्या आसपास नावं आहेत आणि ६०० वर्षांचा मागचा इतिहास आहे. दोन मोठ्या लढाया आहेत. नायक बोलतो कमी, मनात विचार फार करतो. शिवाय माणसाच्या कमरेइतक्या उंचीची एक डोंगरी जमात आहे आणि ती गाळता येत नाही, कारण शेवट तिच्यावरच आहे.
काय कापायचं, काय ठेवायचं आणि आपल्या भागात हे दिसायला खरं कसं वाटेल, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं. लेखक हयात आहेत आणि तोंडी होकार दिलाय.

कथाकात्री:
आधी हिशोब मांडा, म्हणजे कापण्याचं दुःख कमी होईल. १,४०० पानं, पानाला २८० शब्द धरले तर साधारण ३.९ लाख शब्द. मोठ्यानं वाचायला मिनिटाला १५० शब्दांच्या गतीनं ४३ तास लागतील. तुमच्याकडे ६ तास आहेत. म्हणजे सातातला एक भाग उरणार. इथं प्रत्येक प्रकरण थोडं थोडं आखडत नेलं तर सगळंच पळतं आणि कशातच जीव राहत नाही. काही धागे पूर्ण सोडायचे आणि राहिलेल्यांना पुरेसा वेळ द्यायचा, हीच पद्धत चालते.

कुठले सोडायचे? कादंबरी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. शेवटच्या भागात जे घडतं त्याला कारण असणारा प्रत्येक प्रसंग कार्डावर लिहा, मग त्या प्रसंगाचं कारण, असं मागे मागे या. या साखळीत जे येत नाही ते कितीही सुंदर असलं तरी बाजूला जातं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांत टॉम बॉम्बाडिल संपूर्ण गाळला तो याच न्यायानं. वाचकांचं आवडतं पात्र, पण तो नसल्यामुळे पुढचं काही अडत नाही.

रचनेचंही तिथंच शिकण्यासारखं आहे. 'रिंग्ज'च्या दुसऱ्या खंडात लेखकानं एका टोळीची कथा अर्ध्या पुस्तकात सलग सांगितली आणि दुसरीची उरलेल्या अर्ध्यात. पडद्यावर तसं केलं तर नायक दीड तास गायब होतो. म्हणून चित्रपटात दोन्ही कथा एकमेकींत विणल्या, आणि काळाचा मेळ बसवताना महाकाय कोळिणीचा प्रसंग दुसऱ्या भागातून तिसऱ्यात गेला. तुम्हीही सुरुवातीलाच कादंबरीची तारीखवार दिनदर्शिका करा. कोण कुठल्या दिवशी कुठं आहे, घोड्यावरून तिथं पोहोचायला किती दिवस लागतात. लेखक हे बऱ्याचदा धूसर ठेवतात, संकलनाच्या टेबलावर ते धूसर राहत नाही.

दोनशे नावांबद्दल. वाचक मागचं पान उलटतो, नकाशा बघतो. मालिका बघणारा यातलं काही करत नाही. पहिल्या भागात सहापेक्षा जास्त नवी नावं उच्चारू नका, व्यक्ती आणि जागा धरून. एकाच अक्षरानं सुरू होणारी दोन मुख्य पात्रं असतील तर एकाचं नाव बदलायला लेखकांना विनंती करा. नातं पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला चाचणी भाग बघणाऱ्यांना दोन पात्रं जुळी भावंडं आहेत हेच समजलं नव्हतं, आणि भागाचा सगळा धक्का त्यावरच होता. तो भाग जवळजवळ पुन्हा शूट करावा लागला.

६०० वर्षांचा इतिहास निवेदकाच्या आवाजात सुरुवातीला सांगायचा मोह टाळा. इतिहास दोन माणसांच्या भांडणात घाला. ज्याला जमीन परत हवीय तोच इतिहास सांगेल, आणि ज्याला द्यायची नाही तो त्यातली खोट काढेल.

जांभादगड:
वरचं पटकथेपुरतं बरोबर. आता डोळ्याला काय दिसतं त्याबद्दल, कारण मराठीत यातली खरी अडचण वेगळीच आहे.

मराठी माणसाला तटबंदी, तलवार आणि पागोटं एकत्र दिसलं की तो शिवकाळात जातो. तुम्ही पन्हाळ्याच्या तीन दरवाजासमोर काल्पनिक राजा उभा केलात तर बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येणार, हा कुठला सरदार? ती कादंबरीची अद्भुत दुनिया उरतच नाही. म्हणून कलाविभागाचे नियम कागदावर आधी ठरवा आणि सगळ्या खात्यांना द्या. उदाहरणार्थ: पागोटं नाही, भगवा-केशरी रंग कुठल्याही निशाणावर नाही, नऊवारी नाही, दरवाज्याला कमान नाही. कमानीऐवजी उभे खांब आणि वर आडवी तुळई घेतली की बांधकाम लगेच वेगळ्या काळातलं वाटतं. आकारासाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर जाऊन बघा. स्वर्गमंडपाचं वर उघडं ठेवलेलं गोल छत, त्यातून खाली शिळेवर पडणारा प्रकाश. तिथं शूट करायला सांगत नाही. तो आकार आणि ती प्रकाशाची दिशा चित्रनगरीतल्या सेटवर आणा.

पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीतही गेला. परवाना काढायला काही महिने हाताशी ठेवा. भिंतीत खिळा, रंग, मशालीचा जाळ, यातलं काही चालणार नाही असं धरूनच सीन लिहा. लढाईत आग हवी असेल तर तो भाग सेटवर. मसाई पठारावर मातीचा थर पातळ आहे, सप्टेंबरात फुलं असतात. जनरेटर व्हॅन आणि क्रेन पठारावर न्यायचीच नाही. वनखात्याशी बोलल्याशिवाय तारीख धरू नका. ड्रोनचं म्हणाल तर उजळाईवाडीचं विमानतळ जवळ आहे, त्यामुळे चित्रनगरीच्या बाजूला उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर (ड्रोन कुठं उडवता येतो ते रंगांनी दाखवणारा सरकारी नकाशा) त्या जागेचा रंग तपासाच.

चिलखतं: सगळ्यांना धातूची करू नका. कॅमेऱ्याजवळच्या पाच-सहा जणांना खरं चामडं आणि पत्रा, मागच्यांना ६ आणि १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम (हलकी, रबरासारखी लवचीक शीट). फोम कापून सोल्यूशननं चिकटवायचा, हीटगननं वरची छिद्रं बंद करायची, मग प्रायमर, काळा रंग, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त कडांवर चंदेरी. प्रायमर वगळला की वाकवल्यावर रंगाला भेगा पडतात आणि क्लोजअपमध्ये फोम उघडा दिसतो. चामड्याचं काम आपल्याकडे चपलेच्या कारागिरांसारखं कुठं होणार? फक्त त्यांना चपलेची वेणी आणि गोंडा वापरू नका असं स्पष्ट सांगा, नाहीतर राजाच्या खांद्यावर कोल्हापुरी चप्पल ओळखू येते. हे कातडं भिजलं की काळपट डाग धरतं, त्यामुळे पावसाच्या सीनआधी मेण चोळून घ्या. दागिन्यांना हुपरी, ओतीव मुठी आणि बिजागऱ्यांना उद्यमनगर. नमुना एकच करून कॅमेऱ्यासमोर तपासा, मगच पुढची ऑर्डर.

मर्दानी खेळाचे आखाडे इथं आहेत, ती माणसं जरूर घ्या. पायाची चाल आणि तोल यांत त्यांना तोड नाही. पण दांडपट्टा तसाच दाखवलात की पुन्हा शिवकाळ. चाल तीच ठेवून हत्याराचा आकार बदला. जवळच्या शॉटला पोलादी पण बोथट, प्रत्यक्ष हाणामारीला अॅल्युमिनियमचं, मागच्या गर्दीला रबराचं.

पंचगंगाघाट:
कार्डांची उलटी साखळी आजच सुरू करतो. दोन गोष्टी अजून अडतात. लढाईत हजारो सैनिक आहेत आणि आमच्याकडे फार तर ६० माणसं जमतील. आणि ती बुटकी जमात: प्रत्येक शॉट व्हीएफएक्सला (संगणकावरच्या दृश्यपरिणामांना) टाकला तर बजेट तिथंच संपेल.

फ्रेम२४:
पंचगंगाघाट, आधी ठरवा की लढाई दिसलीच पाहिजे का. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वात एक मोठी लढाई आहे. पुस्तकात टिरियन हे पात्र त्यात लढतं. मालिकेत ते सुरुवातीलाच बेशुद्ध पडतं आणि डोळे उघडतं तेव्हा सगळं संपलेलं असतं. प्रेक्षक त्या पात्राबरोबर असल्यानं ते चालून गेलं. तुमच्या दोन लढायांपैकी पहिली अशीच तयारी आणि परिणाम यांवर सांगा, पैसे दुसरीला ठेवा.

६० माणसांचे ३६० करायचे तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बांधा, फ्रेमचे सहा पट्टे पाडा आणि तीच माणसं एकेका पट्ट्यात उभी करून सहा वेळा शूट करा. प्रत्येक वेळी पुढच्या रांगेतली माणसं मागे घाला, टोप-ढाली बदला. फोकस, अॅपर्चर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. शेवटी माणसांशिवाय त्याच फ्रेमचा एक रिकामा शॉट, म्हणजे प्लेट, घ्यायची, ती विसरली की जोडकाम तिप्पट होतं. सहाही पट्टे २० मिनिटांत उरकले पाहिजेत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे २० मिनिटांत ५ अंश. त्याहून जास्त वेळ गेला की शेजारच्या दोन तुकड्यांच्या सावल्या जुळत नाहीत. ढग येत-जात असतील त्या दिवशी हा शॉट लावूच नका. आणि जमिनीवर आधी पाणी मारा, कारण एका पट्ट्यात उडालेली धूळ दुसऱ्यात नसते.

बुटक्या जमातीसाठी सक्तीचा दृष्टिभ्रम वापरा, जुना आणि स्वस्त उपाय आहे. उंची ०.६ पट दिसायला हवी असेल तर मोठा माणूस कॅमेऱ्यापासून ६ फुटांवर, छोटा दिसणारा १० फुटांवर. दोघेही फोकसमध्ये स्पष्ट हवेत, म्हणून फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ ८, फोकस साडेसात फुटांवर. एफ २.८ च्या तुलनेत आठपट प्रकाश लागतो, म्हणून असे सीन शक्यतो उन्हात ठेवा. कॅमेरा बाजूला सरकला की फसवणूक उघडी पडते. फिरवायचाच असेल तर लेन्सच्या नोडल बिंदूभोवती (जिथं फिरवल्यानं जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकींपासून सरकत नाहीत) पॅन करा. नजरेची गंमत लक्षात ठेवा: मोठा माणूस समोरच्याकडे बघत नाही, त्यानं ठरवलेल्या खुणेकडे बघायचं. ती खूण काठीवर टेप लावून उभी करा आणि तालमीतच पक्की करा. मधलं टेबल, बाक असं काही असेल तर ते दोन मापांत, दोन तुकड्यांत बनवून फ्रेममध्ये जोड लपवा.

क्रोमाचे शॉट, म्हणजे रंगीत पडद्यासमोर घेऊन मागचं दृश्य नंतर जोडायचे शॉट, उरतीलच. नट पडद्यापासून किमान १० फूट पुढे. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे खाली गवत, मागे ऊस, सगळंच हिरवं. म्हणून बाहेर निळा पडदा. प्रत्येक शॉटला लेन्स, कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि झुकाव वहीत लिहायला एक माणूस फक्त तेवढ्यासाठीच ठेवा, आणि शॉट संपला की त्याच जागी करडा गोळा आणि आरशाचा गोळा धरून काही सेकंद शूट करा, म्हणजे तिथला प्रकाश नंतर संगणकावर जुळवता येतो. गगनबावड्याचं धुकं मागचा डोंगर झाकतं, त्यामुळे सेट वाढवण्याचं काम वाचतं, हे खरं. पण तेच धुकं दहा मिनिटांत निघून जातं. तिथं संवादाचे लांब सीन लावू नका, प्रवासाचे लावा.

कलमवाली:
तोंडी होकारावर थांबू नका, दादा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. कुठलं पुस्तक, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओटीटीला जगभरचे हक्क लागतात, तिथंच गाडी अडते. आणखी एक: हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते लेखकाकडे परत जातात. अशा मालिकेची तयारीच वर्षावर जाते, म्हणून ते कलम डोळसपणे लिहून घ्या. तिन्ही खंड नावानिशी घाला. प्रकाशकाशी झालेला लेखकांचा जुना करारही मागून बघा, चित्रपटाचे हक्क तिकडे दिलेले नाहीत ना. पात्रं गाळायची, नावं बदलायची परवानगीही याच कागदावर.

मनातलंबोलणं:
कथाकात्री यांच्या उलट्या साखळीशी एका बाबतीत सहमत नाही. जग खरं वाटतं ते साखळीबाहेरच्या गोष्टींनी. ती डोंगरी जमात काय खाते, मेलेल्याला कुठं ठेवते, मीठ कुठून आणते, हे कुठल्याच परिणामाचं कारण नसेल. तरी ते नसेल तर शेवटी त्यांच्यासाठी कोण रडणार? माझं म्हणणं, प्रत्येक भागातली तीन मिनिटं अशा गोष्टींसाठी राखीव ठेवा आणि ती कापायची नाहीत असं निर्मात्याशी आधीच ठरवा.

नायकाच्या मनातल्या विचारांना निवेदनाचा आवाज लावू नका. १९८४ च्या 'ड्यून'मध्ये पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले आहेत, आणि प्रत्येक वेळी नटाचा चेहरा नुसता वाट बघत थांबतो. २०२१ च्या चित्रपटात तो मार्ग सोडला, शिवाय पहिल्या चित्रपटात पुस्तकाचा साधारण अर्धाच भाग घेतला. तुम्ही असं करा: नायकाचे विचार कादंबरीतून वेगळे लिहून काढा. जो विचार निर्णय आहे त्याची कृती करा. जो शंका आहे तो दुसऱ्या पात्राच्या तोंडी विरोध म्हणून घाला. जो नुसता आठवणींचा आहे त्याला एक वस्तू द्या, तो ती हाताळतो. यातलं काहीच होत नसेल तर तो विचार कादंबरीतच राहू द्या.

भाषा. राजदरबाराला जड संस्कृत आणि गावाला कोल्हापुरी ठसका ही वाटणी करू नका. ग्रामीण बोली ऐकली की प्रेक्षक हसायला तयार होतो, ही आपल्याच पडद्याची सवय आहे. चारही राज्यांना साधी मराठी द्या आणि फरक वाक्यरचनेत ठेवा. एक राज्य प्रश्नच विचारत नाही, विधानं करतं. दुसरं मोठ्यांनाही 'तू' म्हणतं. डोंगरी लोक क्रियापद आधी आणतात. वाचन घेताना कागदावरून पात्रांची नावं झाका; कोण कुठल्या राज्याचा हे नटांना नुसत्या बोलण्यावरून कळलं तर जमलं.

जांभादगड:
भाषेवर एवढं कष्ट घेणार असाल तर आवाज जागेवरच धरायची इच्छा होणार. मग तारखा बघून घ्या. ऊस गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो तो मार्चपर्यंत, आणि कारखान्याच्या वाटेवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या गाणी लावून चालतात. रस्त्यालगतच्या लोकेशनवर रात्रीचे संवाद त्या काळात धरता येत नाहीत. ते चित्रनगरीच्या बंद फ्लोअरवर न्या. एप्रिल-मे मोकळे मिळतात, पण फोमच्या चिलखतात माणूस उन्हानं कोसळतो. दर ४० मिनिटांनी चिलखत काढून सावली आणि मीठ-साखर-पाणी, हे वेळापत्रकातच लिहा. संवादाची दिवसाला चार पानं, पण लढाईचं दिवसाला एकच पान होतं असं धरा. मिनिटाला पटकथेचं एक पान धरलं तर ३६० पानं, आणि त्या हिशोबानं त्यांना शंभराहून जास्त दिवस लागतात, म्हणजे एका उन्हाळ्यात बसत नाही. दोन हंगाम धरूनच नटांच्या तारखा घ्या, आणि मधल्या पावसात नायकाचे केस-दाढी कापायची नाही हे त्याच्या करारात घाला.