कास्ट आयर्न बुलेट ३५०: नव्या कार्बवर रेस उतरत नाही आणि ६० च्या पुढे गाडी जड

थंपर_९१:
१९९१ ची स्टँडर्ड ३५०, पॉइंटवाली. जुन्या २४ मिमी मिककार्ब कार्ब्युरेटरची स्लाइड घासून बॉडीत खुळखुळत होती, म्हणून त्याच मापाचा बाजारातला पर्यायी कार्ब बसवलाय. आता थ्रॉटल सोडला की रेस तीन-चार सेकंद वरच लटकते. उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमधून फटाके. एअर स्क्रू जेमतेम पाव फेरा उघडा ठेवला तरच आयडलला टिकते. ६० च्या पुढे मात्र उलटंच: भकभक आवाज, ओढ नाही, प्लग काजळीने काळा. मेन जेट ११०, पायलट २०, निडलची क्लिप मधल्या खाचेत. फिल्टर आणि सायलेन्सर मूळचेच. टॅपेट, पॉइंट गेल्या आठवड्यात केले. कुठून सुरुवात करू?

जेट_नंबर:
गाडीला दोन वेगळे आजार आहेत. खाली आयडलला लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), वर वेगात रिच (पेट्रोल जास्त). एका स्क्रूने दोन्ही जाणार नाहीत, कारण पाव थ्रॉटलच्या पुढे एअर स्क्रूचा परिणाम नावालाच उरतो.

वरचं सोपं आहे. जेटचा आकडा मोठा म्हणजे छिद्र मोठं, पेट्रोल जास्त. ११० हा ५०० बुलेटचा मेन जेट. तुमच्या ३५० ला ९० लागतो. पायलट २५ हवा, २० मध्ये आयडलला पेट्रोल कमी पडतं. म्हणूनच तुम्हाला एअर स्क्रू इतका आत न्यावा लागतोय (या कार्बात स्क्रू आत म्हणजे हवा कमी, मिश्रण रिच).

जुन्या कार्बातले जेट चांगले असतील तर तेच काढून घाला, थ्रेड जुळत असतील तर. निडल आणि निडल जेट मात्र जोडीनेच ठेवा. जुनं निडल जेट थरथरीने अंडाकृती झालेलं असतं, त्यात नवी निडल घालून उपयोग नाही. पायलट जेट खोल बसतो. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, पितळ लगेच फाटतं. आणि जेटमध्ये स्टीलची तार घालू नका. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते.

घाटरस्ता:
जेट बदलायच्या आधी गाडी सांध्यातून बाहेरची हवा (एअर) घेतेय का ते बघा. रेस लटकण्याचं पहिलं कारण तेच, आणि गळती असताना केलेलं ट्यूनिंग गळती बंद केल्यावर पुन्हा करावं लागतं.

गाडी आयडलला ठेवून कार्ब आणि हेडच्या सांध्यावर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून लांब. रेस बदलली की तिथेच गळती. नव्या कार्बाचा फ्लँज (हेडकडे बसणारा चपटा भाग) बहुधा दोन नटांच्या ओढीने वाकतो. कार्ब काढून फ्लँज काचेवर ठेवा. डुलला तर त्याच काचेवर ४०० चा पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. पॅकिंग आणि ओ-रिंग नवी. नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. जास्त जोर लावलात तर फ्लँज पुन्हा वाकलाच म्हणून समजा.

हँडल दोन्ही टोकांना फिरवूनही पाहा. रेस चढत असेल तर दोष केबलचा आहे. केबलला २-३ मिमी मोकळीक हवी.

थंपर_९१:
फ्लँज खरंच बशीसारखा निघाला. सपाट केला, ओ-रिंग बदलली, ९० आणि २५ घातले. रेस लगेच उतरते, फटाके जवळजवळ बंद. एअर स्क्रूचं नेमकं कसं ठरवायचं? आणि चौथ्या गिअरला ४० वरून थ्रॉटल उघडला की क्षणभर घुटमळते.

जेट_नंबर:
दहा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. चोक बंद आहे ना, ते बघा. आयडल स्क्रूने रेस थोडी वर ठेवा. एअर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत, दर वेळी पाच-सहा सेकंद थांबत, रेस सर्वांत जास्त कुठे लागते ते शोधा. आयडल खाली आणा, पुन्हा एकदा तेच करा. स्क्रू १ ते २ फेऱ्यांत स्थिरावला की पायलट बरोबर. अर्ध्या फेऱ्याच्या आतच राहिला तर पायलट मोठा हवा, अडीचच्या पुढे गेला तर लहान.

घुटमळणं निडलचं वाटतंय. क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर उचलली जाईल आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढेल. एका वेळी एकच बदल करा. मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, नाहीतर "मध्येच अडखळते" यातलं मध्य कुठलं ते कळत नाही.

घाटरस्ता:
एक भर. ९० चा आकडा इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण वजनाने १४.७ ला १, ई-२० ला (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साधारण १३.५. त्याच जेटवर इंजिन आठेक टक्के लीन चालतं आणि कास्ट आयर्न सिलिंडर तापतो. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलने २० सेकंद चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा, थांबून प्लग काढा. प्लगच्या टोकाचं पोर्सेलिन पांढरंफटक असेल तर ९५ घाला. बिस्किटी असेल तर ९० ला हात लावू नका. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर हवा विरळ म्हणून तोच जेट रिच वाटेल, तिथे प्लग बघून जेट ठरवू नका.