क्रोम प्लेटिंगमध्ये 19 वर्षं : दादाच्या नाकाबद्दल आणि तपासण्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. माझा मोठा भाऊ 46 वर्षांचा आहे. भोसरीच्या बाजूला एका हार्ड क्रोम प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये टाकीवर काम करतो, यंदा 19 वर्षं होतील. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड येतात, ते टाकीत सोडायचे, तासन्‌तास करंट द्यायचा, काढून धुवायचे. तीसेक कामगार आहेत.

दिवाळीत आम्ही सगळे एकाच खोलीत झोपलो होतो. रात्री दादाच्या नाकातून बारीक शिट्टी ऐकू आली. घोरणं नव्हे, शिट्टी. वहिनी म्हणाली, "ह्यांचं हे वर्षभर चालूच आहे." सकाळी नाक शिंकरलं की रक्ताळलेली खपली निघते. दुखत मात्र अजिबात नाही, म्हणूनच कुणी लक्ष दिलं नाही. उजव्या हाताच्या बोटाच्या पेरावर मसुराएवढा खड्डा आहे, पंचने पाडल्यासारखा गोल, कडा जाड. तो त्यात हळद दाबतो आणि कामाला जातो.

जवळच्या डॉक्टरांनी तीन महिने मलम दिलं. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात फक्त "नोकरी" लिहिलंय. काय काम करता, हे कुणी विचारलंच नाही. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

मी शाळेत शिकवते, रसायनशास्त्र बारावीपर्यंतचं. दोन महिने जमेल तसं वाचते आहे. टाकीतलं क्रोमिक अ‍ॅसिड म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम. रॉडवर बसलेलं चकचकीत क्रोम धातुरूप असतं, त्याचा त्रास नाही. धोका टाकीतल्या द्रावाचा आहे. दिलेल्या करंटपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के क्रोम बसवण्यात जातो, उरलेल्याने मुख्यतः हायड्रोजन सुटतो. ते बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. दादाचे शर्ट बघितले की पटतं, पोटापाशी पिवळट ठिपके आणि टाचणीएवढी भोकं. तेच तुषार तो 19 वर्षं श्वासातून आत घेतोय. नाकाच्या मधल्या पडद्याला आधी व्रण होतो, मग आरपार भोक पडतं, आणि शिट्टी वाजते ती त्या भोकातून, असं वाचलं. ग्लासगोच्या विल्यम क्युमिन या डॉक्टरांनी क्रोमच्या कामगारांच्या त्वचेवरचे असे व्रण 1827 मध्ये नोंदवले होते. दोनशे वर्षं माहीत असलेली गोष्ट आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती.

फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दलही वाचलं. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच या क्रोमियमला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्यांत घातलंय. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

कृपया सांगा : कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? कोणती तपासणी खरंच उपयोगाची? टाकीत आणखी काय काय घालतात हे कसं शोधायचं? दादा म्हणतो, "विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." दोन मुलं शिकतायत, त्याची भीती खोटी नाही. कामावर गुळाचा खडा देतात, त्याने काही होतं का?

प्रतिसाद : जुना_फिटर

ताई, गुळाने क्रोम उतरत नाही. मी प्लेटिंगशेजारच्या खात्यात होतो, आम्हालाही द्यायचे.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आत शिरल्या शिरल्या "क्रोमिकच्या टाकीवर 19 वर्षं" हे वाक्य बोला आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) व्यावसायिक आजार म्हणून दावा करायचा झाला तर हाच कागद लागतो. पिंपात काय आहे ते व्यापारी नावावरून कळत नाही, लेबलवरचा कॅस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, बघायचा. क्रोमिकचा 1333-82-0. बाकीच्या पिंपांवरचेही टिपून आणायला सांगा. त्या नंबरवर कुठल्याही कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक मिळतं, मालकाला विचारावंच लागत नाही.

प्रतिसाद : सई_प

मी व्यावसायिक आरोग्य शिकले आहे, म्हणून थोडी भर. लघवीतलं क्रोमियम तपासता येतं, पण नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर लगेच द्यायचा. सुट्टीनंतर सोमवारी सकाळी दिलात तर आकडा फसवा येईल. आणि तो अलीकडचा संपर्क सांगतो, 19 वर्षांचा हिशेब नाही. फुप्फुसांची क्षमता तपासून घ्या. तंबाखू किंवा विडी असेल तर आजच बंद.

क्रोमचे व्रण हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. डॉक्टरांनीही कळवायचा असतो, बहुतेकांना ठाऊक नसतं. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, ही तरतूद भोपाळनंतर कारखाना कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीत आली. तरी आधी वैद्यकीय कागद हातात येऊ द्या. संशोधनपर माहितीसाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था, दोन्हीकडे लिहा.

टाकीच्या काठाला हवा ओढणारी खाच आहे का ते विचारा. कापडी मास्क या तुषारांना अडवत नाही.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. काल नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एका नाकपुडीत टॉर्च धरला तर उजेड दुसरीतून दिसला. दादाने ते माझ्या मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, "शेजारच्या टाकीवरच्या पोराच्या नाकातूनही रक्त येतं." तो पोरगा बावीस वर्षांचा आहे.

काठाला खाच आहे, पण पंखा पावसाळ्यापासून बंद आहे म्हणे. शनिवारी पाळी संपल्यावर लघवीचा नमुना देणार. सईताई, त्या मुलाला पण बरोबर नेऊ का? आणि दादाचे कपडे आम्ही मुलांच्या कपड्यांबरोबरच धुतो, ते आजपासून वेगळे करायचे ना?

प्रतिसाद : सई_प

हो, दोन्ही. कपडे घरी न आणता तिथेच बदलता आले तर उत्तम. तोवर वेगळ्या पिशवीत आणा, न झटकता वेगळे धुवा, हातमोजे घालून. मुलाला नक्की न्या. त्याचं नाक अजून वाचू शकेल.