जिन्यातील आपत्कालीन घोषणा ऐकू येते, पण कळत नाही

प्रश्न : आमच्या सोळा मजली इमारतीतील अग्निसुरक्षेच्या सरावात घोषणा खणखणीत ऐकू आली, परंतु ‘खाली उतरा’ म्हटले की ‘खाली उतरू नका’, हेच जिन्यातील ज्येष्ठांना कळले नाही, आवाज वाढवल्यावर शब्द आणखीच एकमेकांत मिसळले. काय करावे?

उत्तर १ : जिन्याच्या कठीण भिंतींवर आदळून आवाज घुमतो, म्हणून एका मोठ्या स्पीकरऐवजी कमी आवाजाचे अनेक स्पीकर थोड्या थोड्या अंतरावर बसवावेत. वाक्यही बदला. मराठीत नकार शेवटी येतो आणि नेमका तोच घुमण्यात हरवतो. त्याऐवजी ‘घरातच थांबा’ असे सांगावे.

उत्तर २ : केवळ डेसिबल मोजून भागत नाही. शब्दांची स्पष्टता दाखवणारा एसटीआय हा निर्देशांक ० ते १ असतो आणि तो सहसा किमान ०.५ अपेक्षित असतो. स्टायपा संकेत (एसटीआय मोजण्यासाठीचा ठरावीक चाचणी-आवाज) वाजवून, माणसाच्या कानाच्या उंचीवर, प्रत्येक मजल्यावर मोजणी करून घ्या.