‘कायमचे निलंबन’, ‘आक्षेपार्ह’, ‘पक्षपात’: समाजमाध्यमांच्या कारवाईसाठी नेमके शब्द कोणते?

प्रश्न

समाजमाध्यमांवरच्या कारवाईबद्दल ‘खाते कायमचे निलंबित केले’ असे सर्रास लिहिले जाते. हा प्रयोग बरोबर आहे का? दुसरे असे की, एकाच धाटणीची पोस्ट एकाची राहते आणि दुसऱ्याची उडते. याला बहुतेक जण ‘पक्षपात’ म्हणतात. मला तो शब्द दरवेळी पटत नाही. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

‘कायमचे निलंबन’ खटकायलाच हवे. नोकरीत निलंबन ही शिक्षा नसते. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवतात, ते निलंबन. निर्दोष ठरला तर तो पुन्हा रुजू होतो, दोषी ठरला तर बडतर्फही होऊ शकतो. पुढे काहीतरी निर्णय व्हायचा आहे हे या शब्दात गृहीतच असते. ट्विटरने ८ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते बंद करताना ‘कायमचे निलंबन’ याच अर्थाचे इंग्रजी शब्द वापरले होते आणि मराठीत ते जसेच्या तसे उतरले. मालकी बदलल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ते खाते पुन्हा सुरू झाले हे खरे, पण तेवढ्याने शब्द बरोबर ठरत नाही. ‘खाते कायमचे बंद केले’ एवढे पुरे.

फेसबुकने त्याच सुमारास ट्रम्प यांच्या खात्यावर केलेली कारवाई मात्र ‘बेमुदत निलंबन’ होती, आणि मराठीत हा प्रयोग चपखल बसतो. गंमत म्हणून नव्हे, तर वाद नेमका याच शब्दावर झाला म्हणून सांगतो. फेसबुकच्या ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे कंपनीच्या अशा निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने, मे २०२१ मध्ये निर्णय दिला की कारवाई योग्य, पण ‘बेमुदत’ अशी शिक्षा कंपनीच्या नियमांत कुठेच नाही. तेव्हा कंपनीला मुदत ठरवावी लागली आणि ती दोन वर्षांची ठरली. नियमांत नसलेली शिक्षा देणे याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: मनमानी. इथे ‘पक्षपात’ म्हटले की मूळ दोष झाकला जातो. अशी शिक्षा सगळ्यांना सारखी दिली असती तरी ती मनमानीच ठरली असती.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोडून. पक्षपातात हेतू असतो. कोणाची तरी बाजू घेतलेली असते. ‘दुजाभाव’ हा शब्द इथे जास्त कामाचा आहे, कारण त्यात एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे अशी वागणूक पुरेशी असते, मनातले सिद्ध करावे लागत नाही. फेसबुकच्या ‘क्रॉस-चेक’ व्यवस्थेला हाच शब्द लावावा. नामवंत खात्यांवर नेहमीची कारवाई लगेच होऊ नये म्हणून ती केलेली होती. वॉल स्ट्रीट जर्नलने सप्टेंबर २०२१ मध्ये ती उघड केली, तेव्हा २०२० साली तिच्यात निदान ५८ लाख खाती असल्याचे समोर आले. नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत असे कंपनी तोवर सांगत होती. ही चूक नव्हे, दुजाभाव आहे, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

उरलेल्या बऱ्याच गोष्टींना ‘विसंगती’ म्हणावे: यंत्राला संदर्भ कळला नाही, दोन तपासनिसांनी एकच नियम दोन तऱ्हांनी लावला.

प्रतिसाद

विसंगतीचे ठीक. पण नियम अगदी सुसंगतपणे लावला आणि तरी अन्याय झाला, तर? ‘शहीद’ या शब्दाचे उदाहरण घ्या. अरबीतला मूळ अर्थ ‘साक्षी’ याच्याशी जोडलेला. मराठीत तो बलिदानापुरता उरला, पण इतर भाषांत अपघातात किंवा हल्ल्यात मेलेल्या निरपराध माणसालाही शहीद म्हणतात. मेटाच्या (फेसबुकच्या मूळ कंपनीच्या) यादीतल्या ‘धोकादायक’ व्यक्तींच्या बाबतीत हा शब्द आला की तो स्तुतीच, असे कंपनीने धरले होते. त्यामुळे बातमी देणारा, टीका करणारा, सगळ्यांचेच लेखन उडायचे. ओव्हरसाइट बोर्डाने मार्च २०२४ मध्ये म्हटले की मेटाच्या माध्यमांवर दुसऱ्या कुठल्याही एका शब्दापेक्षा या शब्दामुळे जास्त मजकूर काढला जात असावा, आणि ही सरसकट बंदी उठवावी.

इथे विसंगती नव्हती, पक्षपातही ठरवून केलेला नव्हता. शब्दाला एकच अर्थ असतो असे मानण्याची ही चूक होती. मला वाटते ‘सरसकट’ हाच दोषवाचक शब्द म्हणून वापरावा. शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी तरी या प्रकाराची चीड बाळगायला हवी.

१९७२ च्या व्हिएतनाम युद्धातल्या छायाचित्राचेही तेच झाले. नापामच्या हल्ल्यातून पळणारी विवस्त्र मुलगी त्यात दिसते. २०१६ मध्ये फेसबुकने ते नग्नतेच्या नियमाखाली काढले, नॉर्वेच्या पंतप्रधानांची पोस्टसुद्धा काढली, आणि आरडाओरडा झाल्यावर परत आणले.

प्रतिसाद

‘आक्षेपार्ह’ राहिलाच. ‘अर्ह’ म्हणजे पात्र. आक्षेपार्ह म्हणजे आक्षेप घेण्याजोगे. कोणीतरी तक्रार केली एवढ्याने पोस्ट आक्षेपार्ह होत नाही. तोवर ती फक्त ‘आक्षेप घेतलेली’ असते. बातम्यांत हा फरक रोज पुसला जातो, आणि ठरवून सामूहिक तक्रारी करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते.

प्रश्नकर्ता

फार मदत झाली. पण एक शंका. पोस्ट उडालेल्या माणसाला कारणच कळत नाही. मनमानी की दुजाभाव की विसंगती, हे तो कसे ओळखणार? म्हणून तो बिचारा ‘पक्षपात’ म्हणून मोकळा होतो.

प्रतिसाद

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर ‘अंमलबजावणी’ या शब्दात शोधता येईल. नोटीस बजावतात, समन्स बजावतात, एखाद्याला बजावून सांगतात. ज्याच्यावर कारवाई होते त्याला ती कळवणे हा बजावण्याचाच भाग. न कळवता पोस्ट काढली तर अंमल झाला, बजावणी झाली नाही, असे मी म्हणेन. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने हीच गोष्ट सक्तीची केली आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू झाला. काय काढले, कोणत्या नियमाखाली, निर्णय यंत्राने घेतला का आणि दाद कुठे मागायची, हे वापरकर्त्याला सांगावे लागते.

ज्याला लोक ‘शॅडोबॅन’ म्हणतात तोही त्या कायद्यात येतो. पोस्ट जागेवर ठेवायची पण ती कोणाला फारशी दिसू द्यायची नाही, तरी कारण द्यावेच लागते. त्यासाठी मी ‘छुपी बंदी’ वापरतो. पोस्ट काढलेली नसल्याने ‘बंदी’ कितपत योग्य, यावर इतरांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद

‘छुपी आडकाठी’ कसे वाटते? बंदीत वाट पुरती बंद होते, आडकाठीत अडते. पोस्टचे तेच झालेले असते.